घरातलं बोलणं थांबवू नका, असं सांगणाऱ्या सुलोचनाअक्का

सुलोचनाअक्कांची आणि माझी पहिली भेट जयनगरात, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर झाली. मी, माझी पत्नी नेहा आणि तिसरीत शिकणारी आमची मुलगी मनवा असे तिघे व्हाइटफील्डहून निघालो होतो. वाटेतल्या गर्दीमुळे ठरलेल्या वेळेपेक्षा बराच उशीर झाला. जिना चढून वर गेलो आणि दारातच मी इंग्रजीत माफी मागायला सुरुवात केली. समोर कॉटनची साडी नेसलेल्या, उंच, सडसडीत बाई उभ्या होत्या. त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"मराठी ना तुम्ही? मग मराठीत बोला की. आधी स्वल्प पाणी प्या."

आम्ही बसलो. नेहा मनवाला इंग्रजीत सांगत होती, नीट बस, पाय हलवू नकोस, आजींना नाव सांग. मनवाही एकेका शब्दाचं इंग्रजी उत्तर देत होती. अक्का थोडा वेळ हे ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, "घरीही असंच बोलता?"

मी मोठ्या अभिमानानं हो म्हणालो, कारण आम्ही ते फार कष्टानं साधलं होतं. मनवाला वाचता येत नव्हतं. बोलण्यात हुशार, चित्रं सुंदर काढायची, पण पुस्तक उघडलं की अक्षरं तिच्या हाती लागत नसत. शाळेनं आम्हांला बोलावून सांगितलं होतं की मुलीच्या डोक्यात भाषांची गर्दी झाली आहे. शाळेत इंग्रजी, वर कन्नड आणि हिंदी, खाली खेळायला गेली की आणखी दोन भाषा, आणि घरी मराठी. निदान घरची भाषा बंद करा, असा शाळेचा सल्ला होता. आम्ही तो पाळला. त्याचा परिणाम असा झाला की माझी आई, जी नागपूरचं घर बंद करून नातीसाठी आमच्याकडे राहायला आली होती, ती नातीशी बोलेनाशी झाली. आईला इंग्रजी येत नव्हतं. ती मनवाला जेवायला वाढायची, वेणी घालायची आणि गप्प राहायची. मुलीचं वाचन मात्र होतं तिथेच राहिलं.

अक्कांनी हे सगळं ऐकून घेतलं. मनवाला जवळ बोलावून तिच्याकडून काही शब्द म्हणून घेतले, काही खेळ खेळून घेतले. मग आम्हांला म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी आजींना घेऊन या."

"तपासणी कधी करायची?" मी विचारलं.

"ती करूच. पत्ता देते. पण घरातलं बोलणं आजपासून सुरू करा. पोरीला वाचता येत नाही, त्यात आजीचा काय गुन्हा?"

पुढच्या शनिवारी आई आली. तिला संकोच वाटत होता. "मला काय येते जी त्या इंग्रजीतलं," ती अक्कांना म्हणाली. "मला तरी कुठं फार येतं," अक्का म्हणाल्या आणि दोघी मनवाला मध्ये घेऊन सतरंजीवर बसल्या. खेळ अगदी साधा होता. एक शब्द घ्यायचा आणि त्यातला पहिला आवाज काढून टाकायचा. 'कपाट'मधून 'क' गेला की काय उरतं? पाट. 'सकाळ'मधून 'स' गेला की? काळ. आई शब्द सुचवू लागली आणि थोड्याच वेळात ती अक्कांच्या पुढे गेली. मनवा मात्र दर वेळी अडखळत होती. तिला पूर्ण शब्द ऐकू यायचा, पण त्याचे तुकडे ऐकू यायचे नाहीत. आमच्या मुलीचं नेमकं कुठे अडतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. भाषा चार असल्या काय किंवा एक असली काय, अडचण तीच राहणार होती. उलट जी भाषा तिच्या अंगवळणी पडली होती, त्याच भाषेत कानाला तुकडे पाडायची सवय लावणं सोपं होतं. मग तीच सवय इंग्रजीत न्यायची, कन्नडमध्ये न्यायची. घरी जाताना गाडीत आई आणि मनवा शब्द तोडत बसल्या होत्या. नेहा खिडकीबाहेर बघत रडत होती आणि मी गाडी चालवत होतो.

अक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल माझ्यापेक्षा अधिकारी माणसं लिहितील. ही पद्धत त्यांना कुठून सुचली, तेवढं मात्र सांगतो. अक्का मूळच्या शिक्षिका नाहीत. त्यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी या मुलखात आलेल्या मराठी घराण्यांपैकी. घरात मराठी, अंगणात कन्नड, आणि दोन्हींची इतकी सरमिसळ की त्यांच्या बोलण्यातला कुठला शब्द कुठला, हे त्यांनाही सांगता येत नाही. लग्नाआधीपासून त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. त्या काळी दूरच्या गावी बोलायचं तर ऑपरेटरला नाव आणि गाव सांगावं लागे, आणि आवाज नीट येत नसे. "नाव कळलं नाही की आम्ही त्याचे तुकडे करून परत विचारायचो," त्या सांगतात. "दिवसभर तेच काम. घरी आले की उषा समोर बसायची आणि तिला दोन तुकडे जोडता यायचे नाहीत. मला वाटायचं, मी परक्या माणसांची नावं जोडते, माझ्या पोरीला एक शब्द जोडून देता येत नाही."

उषा ही अक्कांची आणि श्रीनिवासरावांची एकुलती एक मुलगी. श्रीनिवासराव एका सरकारी कारखान्यात काम करत. उषा पाचवीत गेली तरी तिला धड्यातली एक ओळ वाचता येत नव्हती. डोळे तपासले, चष्मा लावून पाहिला, शिकवण्या लावल्या, नवस झाले. शेवटी एका डॉक्टरांनी डिस्लेक्सिया हा शब्द सांगितला आणि बुद्धीत काही कमी नाही, वाचायला वेगळ्या तऱ्हेनं शिकवावं लागेल, असं समजावलं. कुठे शिकवतात, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. तेव्हा श्रीनिवासरावांनी त्याच दवाखान्याच्या भिंतीवर एक चिठ्ठी लावली. अशी मुलं ज्यांच्या घरी आहेत त्यांनी रविवारी आमच्याकडे चहाला यावं, एवढंच त्यात लिहिलं होतं. पहिल्या रविवारी एक कन्नड जोडपं आणि एक तमिळ जोडपं आलं. कुणाला काहीच येत नव्हतं. मिळेल ते वाचायचं, एकमेकांना समजावायचं आणि एकमेकांच्या मुलांना शिकवायचं, असं ठरलं. स्वतःच्या मुलाला शिकवताना आवाज चढतो, दुसऱ्याच्या मुलाला शिकवताना चढत नाही, म्हणून ही अदलाबदल. तो नियम 'सावकाश' या आमच्या संस्थेत आजही आहे.

संस्थेला 'सावकाश' हे नाव मिळालं तेही त्या रविवारांमध्येच. मराठीत आणि कन्नडमध्ये हा शब्द एकाच अर्थानं वापरतात, आणि तमिळ जोडप्यानंही तो बाजारात ऐकलेला होता. शिवाय मुलांना त्यांच्या घरात सगळ्यांत कमी मिळणारी गोष्ट तीच होती, असं श्रीनिवासराव म्हणत.

श्रीनिवासराव आज आपल्यात नाहीत, पण त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय अक्कांबद्दल लिहिणं अपुरं राहील. मुलांना वर्गाला घेऊन बहुतेक आयाच यायच्या. वडील आलेच तर खाली रस्त्यावर मोबाइल बघत थांबायचे. मीही त्यांतलाच. श्रीनिवासराव जिना उतरून खाली यायचे आणि अशा वडिलांना समोरच्या हॉटेलात कॉफीला घेऊन जायचे. मला त्यांनी पहिल्याच कॉफीला विचारलं, "मुलीला वाचता येत नाही याचा तुम्हांला राग येतो, की लाज वाटते?"

मी म्हणालो, "राग येतो."

"बरं आहे. राग मुलगी शिकायला लागली की जातो. लाज तशी जात नाही, तिच्यावर वेगळं काम करावं लागतं. पुढच्या वेळी परत विचारतो."

पुढच्या वेळी त्यांनी खरोखर परत विचारलं, आणि मी वेगळं उत्तर दिलं. हे वडिलांचं खातं अक्कांनी आपणहून त्यांच्याकडे सोपवलं होतं. ते गेल्यावर अक्कांनी ते मला दिलं. "तुम्हांला जमेल की नाही माहीत नाही, पण कॉफी तरी पाजा," एवढीच त्यांची सूचना होती.

अक्कांचा स्वभाव गोड आहे असं कुणी लिहिलं असेल तर ते सौजन्यानं लिहिलं आहे, असं समजावं. त्या कडक आहेत. फोनवर काम संपलं की निरोप न घेता फोन ठेवतात. ऑपरेटरची सवय, असं म्हणतात. उशिरा येणाऱ्या स्वयंसेवकाकडे घड्याळ न बघता अशा बघतात की तो पुन्हा उशीर करत नाही. पण हाच कडकपणा त्या मुलांच्या बाजूनं वापरतात तेव्हा त्याची किंमत कळते. मनवा आठवीत असताना तिला इतिहासाच्या पेपरात प्रश्न वाचून दाखवावेत आणि थोडा वेळ जास्त द्यावा, अशी विनंती आम्ही तिच्या नव्या शाळेला केली. मुख्याध्यापक सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "एका मुलीला सवलत दिली तर बाकीच्यांवर अन्याय होईल." आमच्याबरोबर आलेल्या अक्कांनी शांतपणे कन्नडमध्ये विचारलं, "सर, या पेपरात तुम्हांला काय तपासायचं आहे? तिला इतिहास येतो का, की तिला वाचता येतं का?"

"इतिहास, अर्थात."

"मग प्रश्न कानानं कळला म्हणून इतिहास बदलतो का?"

मुख्याध्यापकांनी थोडा विचार केला आणि तोंडी प्रश्न विचारण्याची परवानगी दिली. बाहेर आल्यावर मी आभार मानू लागलो, तर अक्का रिक्षा थांबवत म्हणाल्या, "ते चांगले आहेत. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, इतकंच." मनवा आता महाविद्यालयात आहे. लांब मजकूर ती अजूनही मोबाइलवर ऐकते, आणि हे ती लपवत नाही.

आता ज्या प्रसंगामुळे अक्कांबद्दलचा माझा आदर नुसत्या कृतज्ञतेपलीकडे गेला, तो सांगतो. अक्कांची आणि उषाताईंची परवानगी घेऊनच लिहितो आहे.

जयनगरच्या त्या दुकानाच्या मालकांनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरवलं आणि 'सावकाश'ला जागा सोडावी लागणार असं झालं. मी तोवर विश्वस्त झालो होतो. माझ्या कंपनीकडून व्हाइटफील्डमधल्या एका इमारतीचा एक अख्खा मजला संस्थेला वापरायला मिळावा म्हणून मी कित्येक महिने खटपट केली आणि ती जमलीही. कंपनीची एकच अपेक्षा होती. उद्घाटनाला काही मुलांनी मंचावर वाचून दाखवावं, आणि त्याआधी पडद्यावर तीच मुलं पूर्वी कशी अडखळत होती, त्याची चित्रफीत दाखवावी. लोकांना बदल दिसावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. पालकांची लेखी संमती आम्ही घेणारच होतो.

विश्वस्तांच्या बैठकीत जवळजवळ सगळे राजी होते. अक्का शेवटी म्हणाल्या, "उषाला बोलावते. तिचं ऐका, मग ठरवा."

उषाताई होसकोट्याच्या पुढे रोपवाटिका चालवतात. पुढच्या रविवारी त्या आल्या, हाताला अजून माती होती. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली. "संस्थेचा पहिला कार्यक्रम होता. पाहुणे आले होते. अम्मानं मला एक परिच्छेद वाचायला दिला. मी तो पाठ केला होता. पुस्तक हातात धरून मी घडाघडा म्हणाले. मी पाठ केलाय हे अम्माला माहीत होतं का, ते मी आजवर विचारलेलं नाही."

"माहीत होतं," अक्का म्हणाल्या.

उषाताईंनी आईकडे एकदा पाहिलं आणि त्या पुढे बोलू लागल्या. "टाळ्या झाल्या. एका पाहुण्यांना इतकं आवडलं की ते म्हणाले, आता पुढचं पानही वाच. मी पान उलटलं आणि तशीच उभी राहिले. कुणीतरी हसलं. ते मला हसले नसतीलही. अण्णांनी वर येऊन मला खाली नेलं. त्यानंतर कितीतरी महिने अम्मा घरी सराव घ्यायला बसली की मी न्हाणीघरात जाऊन कडी लावायची."

उषाताई श्रीनिवासरावांना अण्णा म्हणत. त्यांचं बोलून झाल्यावर अक्कांनी आम्हां सगळ्यांकडे बघत सांगितलं, "तेव्हाही मला जागाच हवी होती. लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून मी पोरीला उभं केलं. लोकांनी ठेवला. पोरीचा माझ्यावरचा उडाला. तो परत मिळवायला मला फार काळ लागला."

मी तरीही म्हणालो, "अक्का, आता आपण पालकांना विचारूनच करणार आहोत. मुलं खरंच वाचतात, पाठ केलेलं नाही."

"पालक हो म्हणतील. मीही म्हणाले होते. आणि मूल खरंच वाचत असलं तरी ते कालचं अडखळणं सगळ्यांना कशाला दाखवायचं? ते त्याचं आहे."

मतदान झालंच नाही. आम्ही कंपनीला नम्रपणे कळवलं की मुलं मंचावर येणार नाहीत. कंपनीचे अधिकारी वाईट वागले नाहीत. त्यांनी दुसरी कल्पना मांडून पाहिली, पण चित्रफितीशिवाय त्यांचं काम होत नव्हतं. शेवटी तो मजला दुसऱ्या उपयोगाला गेला. मी नाराज होतो. काही आठवडे मी अक्कांशी कामापुरतंच बोललो. त्यांनी त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. एका शनिवारी वर्ग सुटल्यावर त्या म्हणाल्या, "तुमची मेहनत वाया घालवली मी. ते मला कळतं, अण्णा." माझ्याहून एवढ्या वडीलधाऱ्या बाईंनी मला अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, म्हटलं होतं. मी त्यांची पिशवी उचलली आणि आम्ही दोघं जिना उतरलो.

त्यानंतरचं वर्ष अवघड गेलं. वर्ग विखुरले. एक वर्ग जयनगरमधल्या एका जुन्या पालकांच्या तळमजल्यावर, एक व्हाइटफील्डमधल्या आमच्या संकुलाच्या क्लबहाउसमध्ये, एक होसकोट्याला कारखान्यांतल्या कामगारांच्या वसाहतीत. काही मुलं या धावपळीत सुटली. अक्का रोज फोन करत राहिल्या. काही मुलं परतली, काही परतली नाहीत. त्या मुलांचा विषय निघाला की अक्का आजही स्वतःची बाजू मांडत नाहीत. निर्णय योग्य होता असं आम्ही म्हणालो की त्या एवढंच म्हणतात, "असेल. पण ती मुलं गेली ना."

मात्र वर्ग मुलांच्या घराजवळ गेले याचा एक फायदा आम्हांला पुढे दिसला. होसकोट्याहून जयनगरपर्यंत कधीच येऊ न शकणारी मुलं वर्गात दिसू लागली. त्यांचे वडील पाळी संपवून थेट कामाच्या कपड्यांत येऊन बसतात, आणि त्यांना कॉफीला न्यायचं काम माझं आहे. उषाताई त्या वर्गाला दर आठवड्याला येतात. त्या शिकवत नाहीत. नव्या पालकांशेजारी बसतात आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. 'तुम्हांला आता नीट वाचता येतं का?' असं एका आईनं त्यांना माझ्यादेखत विचारलं. "हळू येतं," उषाताई म्हणाल्या. "पण वाचायची भीती वाटत नाही." त्या आईच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते कुठल्या चित्रफितीत दाखवता आलं नसतं, आणि दाखवूही नये, हे मला तेव्हा कळलं.

हा गौरवग्रंथ काढायचं ठरलं तेव्हा अक्कांनी आधी नकारच दिला. पुष्कळ आर्जवं झाल्यावर त्यांनी अट घातली. ग्रंथातला प्रत्येक लेख ध्वनिमुद्रित करायचा, म्हणजे ज्यांच्यासाठी ही संस्था आहे त्यांना तो ऐकता येईल. "नाहीतर माझं कौतुक फक्त वाचता येणाऱ्यांपुरतंच राहील," असं त्या म्हणाल्या. त्यामुळे हा लेख काही जण वाचत आहेत आणि काही जण ऐकत आहेत. दोघांनाही माझा नमस्कार.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायची पद्धत आहे, आणि ती मी मनापासून पाळणार आहे. पण अक्कांना ओळखणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. त्यांचे दोन्ही गुडघे गेली काही वर्षं फार दुखतात. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे. परीक्षा आहेत, नवे पालक आले आहेत, शनिवारचा वर्ग कोण घेणार, अशी कारणं देऊन त्या ती पुढे ढकलत आल्या आहेत. आता येत्या सुट्टीत ती करून घ्यायचं त्यांनी उषाताईंना कबूल केलं आहे, आणि ते कबूल केल्याचं मी इथे छापून टाकत आहे.

तेव्हा माझी आपणां सर्वांना विनंती आहे. अक्कांना निरामय आयुष्य लाभावं असं ज्यांना ज्यांना वाटतं, त्यांनी एकेक शनिवार आपल्या अंगावर घ्यावा. पहिल्या शनिवारी मी येतो आहे, दुसऱ्या शनिवारी मनवा येणार आहे. अक्कांनी शतायुषी व्हावं. सकाळी उठल्यावर कुठलाही जिना चढायचा नाही, कुणाची वाट बघायची नाही, असे पुष्कळ शनिवार त्यांना मिळावेत. आणि त्यांतल्या एखाद्या शनिवारी, आमचं बरं चाललंय ना हे बघायला, त्यांनी वर्गात यावं. त्यांची खुर्ची आम्ही खिडकीपाशी ठेवू.